आता मागं तुमी बसायचं

इंदापूर, १४ जानेवारी

दीपकच्या बाबांना,

आज संक्रांत. पाकिटात तिळगूळ घालता आला असता, पण मुद्दाम घातला न्हाय. माझी सध्या गोड बोलायची इच्छा न्हाय.

तुमी म्हणाल, दोघांकडं फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं. फोन मी परवापासून सात वेळा केला. चार वेळा तुमी उचलला न्हाय आणि तीन वेळा "हां, हां, बरं हाय, ठेव" म्हणून ठेवून दिला. मी विचारलं काय न् तुमी सांगितलं काय, कशाचा कशाला मेळ न्हाय. म्हणून लिहून पाठवते. पाकिटावर तुमचं नाव घालताना हात अडखळला. एकतीस वर्षांत तोंडानं घेतलं न्हाय ते नाव, सर्जेराव, आज पहिल्यांदा लिहिलं. अक्षर बरं आलंय.

गावात तुमी हे हसण्यावारी नेलं असणार, म्हणून झालं ते एकदा माझ्या तोंडून ऐका. रविवारी भावाच्या, अप्पाच्या घराची वास्तुशांत उरकून आपण निघालो. स्टँडच्या कोपऱ्यावर तुमी गाडी उभी केली, मी बोरं घेतली. एक पाय पायदानावर ठेवला, तुमच्या खांद्याला धरलं, आणि बघते तर आहेराची पिशवी बोरवालीच्या गाड्यावरच राहिलेली. पाय खाली घेतला. तुमाला खांद्यावर हात लागला तेवढ्यावर तुमी पहिला गिअर टाकला. मी हात ठेवते, तुमी निघता, ही आपली कायमची रीत. मागं वळून बघायची आपल्या गड्यांत पद्धतच न्हाय. बायको बसलीच असणार.

मी ओरडले. "अहो, थांबा." स्टँडवरची सगळी माणसं थांबली, तुमी सोडून.

बोरवालीनं बसायला पोतं दिलं. म्हणाली, "मावशी, येतील की मालक माघारी." पाऊण तास पोत्यावर बसले, मांडीवर आहेराची पिशवी, येणारा-जाणारा बघतोय. फोन लावला, तो तुमी उचलला न्हाय. मग अप्पाला तुमचा फोन आला आणि तो मला न्यायला आला. भवानीनगरला टपरीवर थांबून तुमी "दोन चहा" सांगितला, मागं बघितलं तर सीट मोकळी. पस्तीस किलोमीटर.

तुमी तिथनं माघारी वळला असता तर मीपण हसले असते. पण तुमी अप्पाला काय म्हणाला? "राहू दे तिला चार दिवस, मग यष्टीत बसवून दे." मी काय पार्सल हाय? यष्टीनं मी येणार न्हाय. अप्पा सोडतो म्हणतोय, त्याच्या मागं बसूनपण येणार न्हाय. यायचं तेव्हा माझी मी येईन. कशी, ते माझं मी बघते.

प्रयाग

इंदापूर, २९ जानेवारी

दीपकच्या बाबांना,

उत्तर न्हाय. येणार न्हाय असं धरूनच चालले व्हते, तरी पोस्टमन दारावरनं गेला की मान वर व्हते. ते असू दे.

मी मोटरसायकल शिकतेय. स्कुटी न्हाय, गिअरची. अप्पाची जुनी गाडी गोठ्याच्या कडेला धूळ खात उभी व्हती, ती धुऊन पुसून बाहेर काढली. मास्तरीण म्हणजे आपली संस्कृती, अप्पाची धाकटी. कॉलेजला जायच्या आधी शाळेच्या पटांगणात तासभर शिकवते आणि त्यातला अर्धा तास ओरडते. परवा म्हणाली, "आत्या, क्लच म्हणजे म्हशीचा सड न्हाय, असा पिळायचा नसतो. हळूच सोडायचा." मी झटक्यात सोडते, गाडी उडी मारती आणि बंद पडती. पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली. दुसऱ्या दिवशी मीच पडले, गुडघा फुटला. भामावहिनी हळद लावताना म्हणाली, "वन्सं, पन्नाशी उलटली. हे वय नातवंडं खेळवायचं का हे खेळायचं?" मी म्हटलं, नातवंड झालं की त्यालाच टाकीवर पुढं बसवीन. तेव्हापासून ती बोलायची बंद झाली, पण सात वाजता गेटपाशी उभी राहून बघत असती.

साडीत गिअर टाकता येत न्हाय म्हणून पंजाबी ड्रेस शिवून घेतला. आरशात बघितलं आणि मला माझंच हसू आलं. दोन दिवस लाजले, तिसऱ्या दिवशी विसरले.

आता एक विचारते, त्याचं तरी उत्तर द्या. दुसऱ्यातनं तिसरा गिअर पडतो तेव्हा गाडी डोक्यावरची पाटी उतरल्यागत हलकी व्हते, आवाज बदलतो, आणि पोटात काहीतरी गार गार व्हतं. हे तुमी मला कधी सांगितलं का न्हाय? इतकी वर्षं ही मजा एकट्यानं घेतली आणि घरी येऊन पाठ दुखती म्हणून तेल लावून घेतलं.

एकतीस वर्षं मी तुमची पाठ बघितली. सदरे बदलले, कॉलरवरचे केस पिकले, पाठ तीच. एका अंगानं बसायचं, पाय डावीकडं, त्यामुळं जाताना मला रस्त्याची डावी बाजू दिसायची. उजवीकडं काय हाय ते बघायला माघारी येईपर्यंत थांबायचं. परवा पहिल्यांदा दोन्ही बाजू एकदम दिसल्या. मध्ये रस्ता, सगळाच्या सगळा, आणि माझ्या पुढ्यात कुणी न्हाय.

मागं बसण्यात सुख नव्हतं असं मी म्हणणार न्हाय, ते खोटं व्हईल. नव्यानं आले तेव्हा घरात दहा माणसं. सासूबाई चुलीपाशी, मामंजी ओसरीवर, तुमाला एक वाक्य सांगायचं तर चार भिंतींत जागा नव्हती. बारामतीला जायचं निघालं की आदल्या दिवसापासून मी खुशीत. गावाबाहेरची ओढ्यावरची मोरी ओलांडली की डोक्यावरचा पदर खाली आणि तोंड सुरू. जाऊबाईंच्या चुगल्या, माहेरच्या आठवणी, दीपक पोटात असल्याचं पण गाडीवरच सांगितलं, आठवतंय का. तुमी करकचून ब्रेक दाबला व्हता. कालवा लागला की गार झुळूक यायची, मी डोळे मिटून घ्यायची. वळण आलं की न सांगता अंग तिकडं कलायचं. दुसरं कुणी चालवतंय, आपल्याला काही करायचं न्हाय, नुसतं बसायचं आणि पोचायचं. बाईच्या जातीला असं रिकामं बसायला दुसरं कुठं मिळतं?

म्हणून तर एवढा राग. जिथं मी सगळ्यात सुखात व्हते ती जागा मोकळी हाय, हे तुमाला भवानीनगरपर्यंत कळलं न्हाय.

प्रयाग

इंदापूर, १७ फेब्रुवारी

दीपकच्या बाबांना,

शिकाऊ परवाना मिळालाय, गाडीला पुढं-मागं लाल एल लावलाय. पुढच्या महिन्यात परीक्षा. ह्या परवान्यावर एकटीनं गाडी न्यायची नसती हे मला ठाऊक हाय. तरी मी नेली.

झालं असं, शुक्रवारी दळण टाकायला गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, तास लागंल. तासभर पिठात कशाला बसायचं? कालठणचा रस्ता समोरच व्हता. म्हटलं, पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ. मग त्याच्या पुढच्या वळणापर्यंत. असं करत करत उजनीच्या पाण्यापर्यंत पोचले.

काय सांगू तुमाला. दोन्ही बाजूला ऊस, मधनं तोडलेल्या फडाचा पाचटाचा वास, उन्हं कोवळी. मी पन्नासला नेली. ओढणी फडफडायला लागली म्हणून कमरेला गाठ मारली आणि पंचावन्नला नेली. मनात कसलाच विचार नव्हता. म्हशीला पाणी पाजलं का, दीपकचा फोन आला का, तुमी जेवला का, काहीच न्हाय. बावन्न वर्षांत मी एकटी कुठं, कशाला म्हणून न जाता, नुसतीच गेलेय असं आठवून बघितलं. एकपण आठवलं न्हाय. पाण्याकडंला लांब पायाचे पांढरे पक्षी उभे व्हते. मी गाडीवर बसूनच त्यांना बघितलं आणि मोठ्यांदा हसले. कुणी बघत नव्हतं. माघारी येऊन दळण घेतलं, डबा मागं बांधून शहाण्यासारखी घरी आले. हे मी कुणाला बोलले न्हाय. तुमालाच पहिल्यांदा सांगतेय. राग असला तरी सांगावंसं तुमालाच वाटलं, ह्याचापण मला राग आला.

आता खरं ते लिहिते. रात्रभर लिहू का नको करत व्हते.

काल संस्कृतीला मागं बसवून निमगावला विड्याची पानं आणायला गेले. अप्पानं जा म्हटलं व्हतं. ती माझ्या पाठीशी तोंड लपवून मैत्रिणीशी फोनवर कुजबुजत व्हती. गाडी पन्नासला, समोरनं वारा, आणि मला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत व्हता. कुठला मुलगा काय म्हणाला इथपर्यंत. मी गाडी कडेला घेतली. पोरगी घाबरली, तिला वाटलं मी अप्पाला सांगणार. मी तिला म्हटलं, तू काहीबी बोल, मी दुसऱ्याच विचारात हाय.

दोन वर्षं झाली, गाडीवर मी काही बोलले की तुमी म्हणता, "वाऱ्यात ऐकू येत न्हाय, घरी गेल्यावर बोल." वारा तोच की. गाडी तशीच.

मग एकेक आठवायला लागलं. दीपकचा फोन आला की तुमी लगेच माझ्या हातात देता, "तुझ्याशी बोलायचंय त्याला." कुकरच्या सात शिट्ट्या व्हतात आणि तुमी बाजूला बसून पेपर वाचता. रेडकू सुटून दारात हंबरलं त्या दिवशी तुमी हाललापण न्हाय, मी तुमाला आळशी म्हणाले. फोनवरचं ते हां-हां. आणि स्टँडवर मी ओरडले ते.

ओरडून ओरडून माझा घसा बसला व्हता हो. मला वाटलं, ह्या माणसाला मी असले काय न् नसले काय.

खरं काय ते सांगा. एका ओळीत चालेल. आणि मी म्हणते ते खरं असंल तर दोन गोष्टी व्हणार. कानाच्या डॉक्टरकडं जायचं आणि गाडी मी चालवणार. आता मागं तुमी बसायचं.

प्रयाग

लोणी भापकर, २३ फेब्रुवारी

प्रयाग,

व्हय.

डावा पुरता गेलाय, उजवा निम्मा. दोन वर्षांच्या वर झालं. तुला सांगितलं असतं तर तू दीपकला सांगितलं असतंस, त्यानं गाडी विकायला लावली असती. मग मी काय करायचं?

त्या रविवारी मी तुला तेच सांगत व्हतो. तुझ्याकडं बघून सांगणं जमणार न्हाय म्हणून गाडीवर सांगायचं ठरवलं, आठ दिवस मनात जुळवत व्हतो. निमगाव सोडलं आणि सुरू केलं. सगळं सांगितलं. डिसेंबरात उसाची ट्रॉली मागनं आली, हॉर्न ऐकू आला न्हाय आणि मी रस्त्याकडंच्या चारीत गेलो, तुला मात्र चिखलात घसरलो म्हणालो, तेपण सांगितलं. मला भ्या वाटतं हे पण सांगितलं. तुझं हूं का चूं ऐकू येणार न्हाय हे माहीतच व्हतं. म्हटलं, रडत असशील. म्हणून चहाला थांबलो. तुझं तोंड बघायला वळलो तर तू न्हाईस.

पुन्हा दुसऱ्यांदा तेवढं बोलायचं बळ नव्हतं, म्हणून माघारी वळलो न्हाय. तिथनं घरापर्यंत गाडी वीसच्या वर नेली न्हाय. त्यानंतर चावी फडताळात टाकली.

मागं बसायचं म्हणतेस तर बसतो. पण दिवस मावळल्यावर ये. मी मळ्याच्या वाटेला येऊन थांबतो, गावातनं नको. पारावर रावजी बसलेला असतो. तोंडावर काही बोलणार न्हाय तो. मला जे ऐकू येत न्हाय तेच बोलंल.

तिसऱ्या गिअरचं म्हणशील तर मला वाटलं तुला मागं पण कळत असंल.

सर्जेराव

इंदापूर, ५ मार्च

दीपकच्या बाबांना,

पत्र गोठ्यात जाऊन वाचलं आणि खूप रडले. आधी तुमच्यासाठी रडले, मग तुमच्यावरच्या रागानं रडले. तुमी चारीत पडला आणि मी तुमच्या पँटचा चिखल घासत तुमाला धांदरट म्हणत व्हते. ट्रॉली चार हात इकडं आली असती तर? मला नुसतं चिखलच धुवायला ठेवलं असतंत तुमी.

मोकळ्या सीटला सांगितलं ते मला सांगितल्यात मी धरणार न्हाय. एवढं एक लक्षात ठेवा.

काल परीक्षा पास झाले. तिथं सगळी अठरा-वीसची पोरं. साहेब म्हणाले, "मावशी, स्कुटीची रांग तिकडं." मी म्हटलं, गिअरचीच हाय. आठचा आकडा काढायला लावला, पाय टेकवायचा न्हाय. मी दोनदा काढला, एक त्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. दुसऱ्याला साहेब हसले.

आता तुमच्या मळ्याच्या वाटेचं. अंधारात मी येणार न्हाय. मी कुणाची चोरी केलेली न्हाय आणि तुमी पण न्हाय. कान गेलाय, अब्रू न्हाय गेलेली. एकतीस वर्षं मी भरल्या गावातनं तुमच्या मागं बसून गेले, तेव्हा मला कुणी विचारलं न्हाय, बाई तुला लाज वाटती का. मग तुमाला बसायला कसली लाज?

मंगळवारी, अकरा तारखेला, सकाळी नऊ वाजता मी गावात येते. देवळापुढं, पारासमोर गाडी उभी करीन, बंद करणार न्हाय. पाच मिनिटं थांबीन. डॉक्टरांची साडेदहाची वेळ घेतलीय बारामतीत. तुमी आला तर बसायचं आणि जायचं. न्हाय आला तर घरात पाऊल न टाकता तिथनंच गाडी वळवीन. मग दीपकला मध्ये घालायचं न्हाय, अप्पाला फोन करायचा न्हाय. ज्या घरात मला काही सांगितलं जात न्हाय आणि माझं काही ऐकलं जात न्हाय, त्या घरात मी नुसता स्वयंपाक करायला येणार न्हाय. मला तिथं यायचंय, खूप यायचंय. पण असं यायचं न्हाय.

प्रयाग

बारामती, ११ मार्च, दवाखान्यात

अहो,

तुमाला आत त्या काचेच्या खोलीत बसवलंय. आवाज आला की बटण दाबायचं. मला बाहेर बाकावर बसवलं, अर्धा तास लागंल म्हणाले. फाईलच्या पाठीमागं कोरा कागद हाय त्यावर लिहितेय. येताना गाडीवर मी बरंच बोलले, ते तुमाला ऐकू आलं नसणार. आणि काही गोष्टी तोंडावर सांगायला मलापण जड जातात.

साडेसहाला इंदापूर सोडलं. सणसरपर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर गेले न्हाय. बारामती ओलांडली आणि चौथा टाकला. आठ पन्नासला पारासमोर गाडी लावली. रावजी व्हता, आणखी तिघं व्हते. सगळे माझ्या ड्रेसकडं बघत व्हते. नऊ वाजले. नऊ पाच झाले. तुमी न्हाय.

मी पाच मिनिटं म्हटलं व्हतं. नऊ मिनिटं थांबले, कबूल करते. दहाव्याला क्लच दाबला, गिअर टाकला, गाडी वळवायला लागले. डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं व्हतं. तेवढ्यात तुमी बोळातनं आला. इस्त्रीचा सदरा, हातात हेल्मेट. तुमी हेल्मेट शोधत बसला व्हता हे मला नंतर कळलं. गावात कोण घालतं हो हेल्मेट?

रावजी म्हणाला, "काय सर्जेराव, आज मालकीणबाई डायवर?" तुमाला ते ऐकू आलं न्हाय, पण तुमी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय. कान दाखवायला चाललोय. दोन वर्षं झाली मला ऐकू येत न्हाय." सगळ्या पारासमोर, दिवसाउजेडी. मला जे सांगायला तुमाला माझ्याकडं पाठ करावी लागत व्हती ते तुमी त्या चौघांना तोंडावर सांगितलं. रावजी उठून उभा राहिला. नीट जा म्हणाला. तेपण तुमाला ऐकू आलं नसंल म्हणून लिहून ठेवते.

मग तुमी बसला. माझ्या खांद्याला हात लावला न्हाय, मागचा कॅरेज घट्ट धरून बसला. गतिरोधक आला की तुमी मागं बसून ब्रेक दाबायचा, मला पायदान हाललेलं कळायचं. हसू दाबत व्हते मी. चार-पाच किलोमीटरवर तुमचं अंग सैल पडलं. आणि मग तुमी मोठ्यांदा विचारलं, "ही विहीर कधी झाली?" ती विहीर वीस वर्षांची हाय. तुमी कायम रस्ता बघितला, विहीर कशाला दिसंल. त्याच्यानंतर तुमचं सुरूच झालं. हा बंगला कुणाचा, ती शेवग्याची बाग कवाची, ते पिवळं काय पेरलंय. मी प्रत्येकाचं उत्तर देत व्हते, तुमी न ऐकता पुढचं विचारत व्हता. दोन वर्षांत आपण एवढं बोललो न्हाय. एका वळणाला तुमचं अंग माझ्याबरोबर बरोब्बर कललं. चांगले बसता तुमी मागं.

आणि मग बारामतीत, चौकात, लाल दिव्याला थांबलो. बाजूला कॉलेजच्या पोरी, दुधाचा टेम्पो, दोन रिक्षा. गाडीचा आवाज कमी झाला. तुमी माझ्या कानाशी वाकला. तुमाला वाटलं तुमी हळू बोलताय. "प्रयाग, तुझ्याबिगर मला करमत न्हाय गं. आता जाऊ नको."

सगळ्या चौकानं ऐकलं. पोरी वळून बघायला लागल्या, टेम्पोवाला खिडकीतनं हसला. माझी मान खाली गेली, लग्नात गेली नव्हती एवढी.

दिवा हिरवा झाला. मागनं हॉर्न सुरू झाले. मी गाडी हलवली न्हाय. म्हटलं, अजून काही म्हणायचं असंल तर म्हणून घेऊ द्या.

प्रयाग